गुरे घडवणारे हात

पुण्यात शिल्पाचा विषय निघाला की बोलणे बहुधा घोड्यापाशी येऊन थांबते. शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात छत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. तो १९२८ साली उभा राहिला. साडेतेरा फूट उंच, सुमारे आठ टन वजनाचा आणि माझगावला एकसंध ओतलेला. तो घडवणारे विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. या एका कामाने त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. घोड्याचे अंग कसे घडवावे हे शिकायला आजही पुण्यातले विद्यार्थी त्या पुतळ्यासमोर जाऊन उभे राहतात.

याच करमरकरांनी अलिबागजवळच्या सासवणे या आपल्या गावी, घराच्या परिसरात, एक म्हैस घडवली. ब्राँझची नव्हे, सिमेंटची. त्या घराचे आता शिल्पालय झाले आहे. ‘शंखध्वनी’सारख्या गाजलेल्या शिल्पांच्या सोबतीने ती म्हैसही तिथे आहे, आणि पाहायला आलेली माणसे तिच्यापाशी हमखास रेंगाळतात. म्हशीसाठी कुणी स्मारक समिती नेमत नाही. तिच्यासाठी वर्गणी जमत नाही, अनावरणाला गव्हर्नर येत नाही. अशी मूर्ती शिल्पकार करतो ती त्याला स्वतःला करावीशी वाटते म्हणून. या पुस्तकाचा विषय हाच आहे: कुणी सांगितलेले नसताना शिल्पकार गुरांकडे का वळतो, आणि वळल्यावर त्याच्या हाताला काय मिळते.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. आपल्याकडे गाय, बैल आणि म्हैस यांच्याविषयी लिहिताना आपण लगेच श्रद्धेकडे जातो. नंदी म्हणजे धर्म, गाय म्हणजे माता, रेडा म्हणजे यमाचे वाहन. हे सगळे खरे आहे, पण त्याने मूर्ती घडत नाही. मूर्ती घडते ती अंगाच्या ओळखीतून. ज्याने जनावर धुतले, त्याच्या खांद्याला हळद-तेल चोळले, त्याचे खूर पाहिले, पान्हा सुटेपर्यंत कासेला पाणी मारले, त्याच्या तळहाताला ते अंग पाठ असते. आपल्या भागात माती, धातू, दगड आणि सिमेंट या प्रत्येक द्रव्यात गुरे घडली, आणि प्रत्येक द्रव्याने त्याच जनावराबद्दल काही वेगळे सांगितले. पुणे आणि पुण्याभोवतीचा मुलूख यांच्या आधारे ती गोष्ट सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

शिल्पकाराला गुरांमध्ये असे काय दिसते? घोड्याच्या अंगावर स्नायू स्पष्ट दिसतात आणि चाल लगेच कळते. गुरांचे तसे नाही. बैलाचे धड मोठे आणि जड असते, आणि ते चार बारीक पायांवर तोललेले असते. पुठ्ठ्याची हाडे वर आलेली, कण्याची रेघ ठसठशीत, पण मधली कातडी सैल. मानेखाली गळकंबळ लोंबते, त्याच्या घड्या डोके हलले की बदलतात. वशिंड तर देशी गुरांची खूणच. युरोपातल्या गुरांना ते नसते. मुंबईचे सर ज. जी. कला विद्यालय १८५७ मध्ये सुरू झाले तेव्हा तिथे विद्यार्थ्यांपुढे ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रती ठेवल्या जात. त्या प्रतींवरून माणसाचे शरीर शिकता येत होते. वशिंड मात्र ज्याने त्याने आपापल्या गावातच शिकायचे होते. म्हशीचे गणित आणखी वेगळे. तिला वशिंड नाही, कातडी काळी आणि तुकतुकीत, त्यामुळे अंगावरचा उजेड सरकत जातो आणि आकार त्या उजेडातच कळतो. शिवाय रवंथ करत बसलेले जनावर तासन्‌तास जागचे हलत नाही. शिल्पकाराला इतका शांत आणि इतका स्वस्त मॉडेल दुसरा मिळत नाही.

मातीपासून सुरुवात करू. पुण्याच्या पूर्वेला, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांची नावे या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इथे शेतकऱ्यांची वस्ती होती. तिथल्या एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची, झाकण असलेली एक पेटी मिळाली. पेटीत एक स्त्रीमूर्ती होती. तिच्याबरोबर शिर नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि मातीचा एक बैल. त्या दुसऱ्या मूर्तीच्या पोटाला एक छिद्र आहे आणि बैलाच्या पाठीतही एक छिद्र आहे. दोन्हींत काडी घातली की ती बैलावर आरूढ होते. अभ्यासकांनी तिला मातृदेवता मानले आहे. शिल्पाच्या दृष्टीने पाहिले तर इथे आणखी एक गोष्ट दिसते. घडवणाऱ्याने बैल ओझे पेलणारा म्हणून कल्पिला आहे. त्याची पाठ हीच त्या संपूर्ण रचनेचा पाया आहे. देवतेला शिर नसले तरी चालले, पण तिला पेलणारी पाठ मात्र हवीच होती.

आता धातू. १९७४ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद इथे झाडाचे मूळ खणताना एका शेतकऱ्याला ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: बैलजोडी जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारही मिळून वजन साठ किलोहून अधिक. बहुतेक अभ्यासक त्या उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. रथाची लांबी पंचेचाळीस सेंटिमीटर आहे. त्यात एक पुरुष उभा आहे, दांडीवर एक कुत्रा आहे, आणि पुढे दोन बैल. या बैलांची धडे लांबट आणि सडसडीत आहेत. खऱ्या बैलाचे प्रमाण त्यांत शोधू नये. जुवाखाली ओढ घेणाऱ्या जोडीचा जोर त्या लांबीत उतरला आहे. मातीच्या बैलाचे पाय जाड ठेवावे लागतात, नाहीतर ते मोडतात. धातूत तशी अडचण नाही. बारीक पायांवर जड अंग उभे करण्याची मोकळीक ओतकाम करणाऱ्याला मिळाली आणि त्याने ती पुरेपूर वापरली. दायमाबादची म्हैस सुमारे एकतीस सेंटिमीटर उंच आहे आणि चाकांच्या पाटावर उभी आहे. म्हणजे सासवण्याच्या सिमेंटच्या म्हशीला याच महाराष्ट्रात चार हजार वर्षांपूर्वीची एक थोरली बहीण आहे.

दगडाची कहाणी निराळी. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट कठीण असतो, आणि त्यात बैल उभा कोरायचा म्हटले तर चार बारीक पायांवर टनावारी वजन येते. पाय तडकले की मूर्ती गेली. म्हणून दगडातला बैल बसतो. नंदीचे बसणे हे भक्ताचे, शिवासमोर वाट पाहणाऱ्याचे बसणे आहे, हे खरेच. पण ते दगडालाही मानवणारे आहे. श्रद्धा आणि द्रव्य यांची इथे गाठ पडली. मावळातल्या बेडसे लेण्यांत चैत्यगृहाच्या ओसरीवरच्या खांबांच्या माथ्यावर हत्ती, घोडे आणि बैल यांवर बसलेली जोडपी कोरली आहेत. ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराची. तिथेही जनावरे पाय दुमडून बसलेली आहेत, आणि त्या दुमडलेल्या गुडघ्यांत पाथरवटाचे निरीक्षण दिसते. बसताना बैल आधी पुढचे गुडघे टेकतो आणि मग मागचे अंग खाली सोडतो. उठताना उलटे, आधी मागचे अंग वर येते. हे गोठ्यात पाहिलेल्या माणसालाच ठाऊक असते.

पुणे शहरात याचा सर्वांत चांगला धडा जंगली महाराज रस्त्यावर आहे. पाताळेश्वराची लेणी आठव्या शतकाच्या सुमाराची, राष्ट्रकूटांच्या काळातली. जमिनीखालचा खडक खणून अंगण मोकळे केले आहे आणि त्या अंगणात एकाच खडकातला वर्तुळाकार नंदीमंडप सोडला आहे. बहुतेक ठिकाणी नंदी चौकोनी मंडपात असतो आणि माणूस त्याला बाजूने किंवा पाठीमागून पाहून पुढे जातो. इथल्या गोल मंडपाभोवती मात्र पाय आपोआप फिरू लागतात. बैल चारी अंगांनी पाहावा अशी ती योजना आहे, आणि बैलाचे अंग कळते तेही असेच, फिरून. यवतजवळच्या डोंगरावरचे भुलेश्वर यादवकाळातले. त्या काळापर्यंत नंदीच्या अंगावर घुंगरमाळा, झुली आणि गोंडे यांचे कोरीवकाम भरघोस होत गेले होते. त्या अलंकारांमागे पोळ्याला सजवलेला बैल आहे, हे कुणाही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

देवळाबाहेरही दगडात गुरे आहेत. महाराष्ट्रातल्या गावोगावी वीरगळ उभे आहेत. त्यांतल्या कित्येकांच्या खालच्या पट्टीत गाईंची रांग दिसते, आणि तिच्याशेजारी लढताना पडलेला वीर. गावची गुरे पळवून नेणाऱ्यांशी लढताना मेलेल्यांचे हे दगड. धेनुगळांवर गाय आणि तिला लुचणारे वासरू असते, वर चंद्र-सूर्य. जमिनीचे दान जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर टिकावे, असा त्याचा अर्थ. हे कोरणारे हात राजाश्रयाचे नव्हते. रेषा ओबडधोबड आहेत, प्रमाण चुकलेले आहे. पण वासराची वर झालेली मान आणि त्याच्याकडे वळलेले गाईचे तोंड हे कुठेही चुकलेले नाही. दूध पिणारे वासरू चाटणारी गाय त्या पाथरवटाने हजारदा पाहिली होती.

या सगळ्या परंपरेचा जिवंत धागा कुंभाराच्या हातात आहे. आषाढात बेंदूर, श्रावणी अमावास्येला पोळा, आणि मावळ, जुन्नर, आंबेगाव भागात भाद्रपदी अमावास्येला बैलपोळा. ज्यांच्या दारी बैल नाहीत ती घरे मातीची जोडी आणून पूजतात. पुण्यात कसब्यातल्या कुंभारवाड्याची या कामाशी जुनी ओळख आहे. गोळा घ्यायचा, चार पाय ओढून काढायचे, अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत वशिंड उचलायचे, शिंगांना मुरड द्यायची. ती चिमूट फार महत्त्वाची आहे. डोळे, नाक, कान काहीही नसले तरी त्या एका उचललेल्या रेषेने तीन वर्षांचे मूलही बैल ओळखते. आधुनिक शिल्पकार आकार सोपा करत करत शेवटी जिथे पोहोचू पाहतो, तिथे हा कुंभार दरवर्षी अर्ध्या मिनिटात पोहोचतो. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो. तिथे लाकडी बैल चाकांवर उभा असतो आणि मुले त्याला ओढत नेतात. चाकांवरची दायमाबादची म्हैस पाहिली की हा तान्हा पोळा आठवल्यावाचून राहत नाही.

या पार्श्वभूमीवर करमरकरांकडे पुन्हा पाहावे. १८९१ मध्ये सासवण्याला जन्मलेल्या या मुलाने गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले. कुलाबा जिल्ह्याचे तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी त्याची दखल घेतली आणि त्याला मुंबईच्या कला विद्यालयात धाडले. पुढे कलकत्ता, लंडनची रॉयल अकॅडमी, आणि मग पुण्याचा घोडा. म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीचे उत्तम शिक्षण त्यांना मिळाले होते: मोजमाप, सांगाडा, स्नायू, ओतकाम. ते सगळे घेऊन ते ज्या विषयांकडे वळले ते मात्र कोकणातले होते: शंख फुंकणारा, कोळीण, आणि म्हैस. ब्राँझ ओतायला ओतशाळा लागते, मोठा खर्च लागतो. सिमेंट लोखंडी सळया आणि जाळी यांच्यावर हाताने चढवता येते, आणि कोकणच्या पावसात उघड्यावरही ते टिकते. पण ते लवकर आवळते. मातीसारखे मनासारखे परत परत बदलता येत नाही. आवळण्याआधी हात नेमका पडला पाहिजे. म्हशीचे अंग डोळ्यांपुढे पक्के असल्याशिवाय हे काम होत नाही. घोड्यासाठी त्यांनी अभ्यास केला. म्हैस त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. हे दोन प्रकारचे ज्ञान आहे, आणि सासवण्याला ते एकत्र आले. मला या शिल्पाचे मोल त्यात वाटते.

जगातही हे आकर्षण जुने आहे. प्राचीन ग्रीसमध्ये मायरनने घडवलेली ब्राँझची गाय अथेन्समध्ये होती. ती इतकी हुबेहूब होती की वासरे तिला लुचायला येतील, अशा आशयाच्या अनेक कविता पुढच्या काळातल्या कवींनी केल्या. मूर्ती गेली, कविता उरल्या. पिकासोने १९४२ मध्ये सायकलचे सीट आणि हँडल जोडून बैलाचे डोके केले. १९४५च्या अखेरीस त्याने बैलाची शिलामुद्रणे काढायला घेतली आणि अकराव्या अवस्थेत केवळ मोजक्या रेघा उरल्या. आपल्याकडे तैयब मेहतांनी मुंबईत बांधलेला, पाय जखडलेला बैल रंगवला, आणि १९७० च्या ‘कूडल’ या लघुपटासाठी वांद्र्याच्या कत्तलखान्यात चित्रीकरण केले. ते चित्रकार होते, तरी त्यांचा उल्लेख इथे आवश्यक आहे. गुरांच्या अंगात ओझे आणि वेदना यांचे जे रूप आहे ते त्यांच्याइतके थेट फार थोड्यांनी पाहिले. करमरकरांची म्हैस आणि तैयब मेहतांचा बैल एकाच किनारपट्टीवर, काही दशकांच्या अंतराने घडले. एकीत घराचा विसावा आहे, दुसऱ्यात शहराची क्रूरता. गुरांकडे पाहण्याचे दोन्ही मार्ग खरे आहेत.

मग आज काय? आज गावांच्या चौकांत फायबरच्या बैलजोड्या उभ्या राहू लागल्या आहेत. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली, आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. या काळात बैल हा अभिमानाचा विषय झाला आणि त्याचे पुतळेही वाढले. त्यामागचे प्रेम मी मानतो. परंतु त्यांतले बरेच बैल एकाच साच्यातून निघाल्यासारखे दिसतात. महाराष्ट्रातली जनावरे अशी एकसारखी नाहीत. माणदेशातला खिल्लार उंच, ताठ, निमुळत्या तोंडाचा, लांब टोकदार शिंगांचा. अकोले-इगतपुरीकडचा डांगी अंगाने भरीव, ठिपक्यांचा, मुसळधार पावसाला टिकणाऱ्या तेलकट कातडीचा. मराठवाड्यातल्या देवणीचे कान लोंबते, लाल कंधारीचा रंग गडद. पंढरपुरी म्हशीची शिंगे तलवारीसारखी खांद्यामागे जातात. ज्याला शिल्प करायचे आहे त्याच्यासाठी ही पाच वेगळी शरीरे आहेत, पाच वेगळ्या समस्या आहेत. ट्रॅक्टर आले, संकरित गाई आल्या. या जाती कमी होत गेल्या तर त्यांच्याबरोबर हाताची ओळखही जाईल. शिल्पकार त्या वाचवू शकत नाही, पण त्यांचे अंग नेमके नोंदवून ठेवू शकतो. ते काम आत्ताच करायला हवे.

म्हणून कला महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. फोटोवरून बैल करू नका. चाकणच्या आणि बेल्ह्याच्या जनावरांच्या बाजारात वही घेऊन जा. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाचा गोठा तर तुमच्या वर्गापासून दूर नाही. मालकाशी बोला. आदत, दुसा, चौसा, जुळलेला हे दातांवरून कसे कळते ते विचारा. अंगावरचे भोवरे कुठे आहेत ते पाहा. खांद्यावर जुवाने पडलेला घट्टा बोटांनी चाचपा. तो घट्टा कुठल्याही शरीरशास्त्राच्या पुस्तकात नसतो, आणि त्याच्याशिवाय नांगराचा बैल पूर्ण होत नाही.

पुढील प्रकरणे द्रव्यांच्या क्रमाने लावली आहेत: माती, धातू, दगड, लाकूड, सिमेंट. शेवटचे प्रकरण जातींवर आहे. त्यातली रेखाटने शिल्पकारांच्या उपयोगाची व्हावीत अशा बेताने दिली आहेत. ज्या गुराख्यांनी, कुंभारांनी आणि पाथरवटांनी आपले ज्ञान मोकळेपणाने सांगितले, त्यांचा हक्क या पुस्तकावर माझ्याइतकाच आहे.

वाचकांना एकच विनंती. बाजारात जनावर घेणारा माणूस समोरून पाहून सौदा करत नाही. तो भोवती फिरतो, मागून पुठ्ठा पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, चालवून बघतो. पाताळेश्वराच्या मंडपाशी, डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात किंवा सासवण्याला गेलात तर शिल्पेही तशीच पाहा. समोरून श्रद्धा दिसते, बाजूने सौंदर्य दिसते. घडवणाऱ्याला जनावर खरोखर ठाऊक होते की नाही, हे मात्र मागून पाहिल्यावरच कळते.